आठ फुटांचं स्वयंपाकघर

आमच्या घराचा नकाशा मी पहिल्यांदा छापला तेव्हा कागदावर काही उमटलंच नाही. पांढरा कागद आणि मधोमध एक काळा ठिपका. प्रिंटरची शाई गळतेय असा मला संशय आला. प्रिंटर मुलीने ऑनलाइन मागवलेला, त्यामुळे त्याच्यावर माझा भरवसा आधीपासूनच कमी होता. ठिपका नखाने खरवडला, रुमालाचं टोक ओलं करून पुसला आणि दुसरा कागद घातला. पुन्हा ठिपका. मग मुलीला हाक मारली. तिने स्क्रीन बघितली, कागद बघितला.

"बाबा, हे आपलं घर आहे," ती म्हणाली. "मघाशी तुम्ही पुसलंत ते."

झालं होतं असं, की हॉल चौदा फुटांचा म्हणून मी नुसतं चौदा लिहिलं. फूट की आणखी काही, हे त्या प्रोग्रॅमला सांगायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि न सांगितल्यास तो सगळं मिलिमीटरमध्ये धरतो. म्हणजे माझा हॉल एका नखाएवढा. त्यात छापताना शंभरपट लहान कर, असंही मीच बजावलं होतं. तेव्हा घरबांधणीच्या कामात पडणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांना पहिला सल्ला हाच: एक रेघ मारण्याआधी माप कशात धरायचं ते ठरवून टाका. आर्किटेक्टची फी वाचवायला निघालात तर हे आणखीच महत्त्वाचं.

घर नल्लकुंट्याचं. वडिलांनी बांधलेलं तळमजल्याचं, साधं. त्यात मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांचे संसार लग्नापासून एकत्र, आणि स्वयंपाकघर एकच. आता वर एक मजला चढवायचा, त्याची मधोमध भिंत घालून दोन घरं करायची, खालचा भाग भाड्याने द्यायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे भाऊ बोलला, मी मान हलवली आणि बायकांनी ते आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

माझ्या बायकोने या सगळ्यात एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघर आठ फूट रुंद हवं. दोन्ही बाजूंना ओटा, आणि मधे एक माणूस वाकून डबा काढत असला तरी दुसऱ्याला मागून जाता आलं पाहिजे. खालच्या स्वयंपाकघरात तिच्या आणि जावेच्या कोपरांची टक्कर होत आली आहे ती त्यांच्या लग्नापासून. दोघी भांडल्या नाहीत, पण भाजी परतताना डावा हात अंगाशी धरून ठेवायची सवय दोघींनाही लागली आहे. लग्नाच्या पंगतीत जेवतानासुद्धा बायको तसाच हात धरते. "आठ फूट," ती म्हणाली होती. "बाकी हॉलचं, बेडरूमचं तुम्हाला काय करायचं ते करा." तिने माझ्याकडे इतकं थेट काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून नकाशा मी स्वतः काढायला घेतला.

प्रोग्रॅम भावाने घालून दिला. तो माधापूरकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी जामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात. त्याने फाइल अशी ठेवून दिली, की ती माझ्या कॉम्प्युटरवरही उघडावी आणि त्याच्या फोनवरही. दोघांनाही बघता यावी, दोघांनाही बदलता यावी. त्या वेळी मला ही फार सोयीची गोष्ट वाटली.

सुरुवातीचे दिवस शिकण्यात गेले. खोल्यांची नावं मराठीत लिहिली, तर 'स्वयंपाकघर'च्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग आली. मला वाटलं प्रोग्रॅमने आपणहून खिडक्या पाडल्या. मुलगी म्हणाली, अक्षरांचा फॉन्ट बदला, नाहीतर सरळ 'के' लिहा. मराठी वाचताना ती तशीही अडखळते, त्यामुळे मी हट्टाने फॉन्ट बदलला. एकदा घरातली सगळी दारं गायब झाली. व्हायरस असणार, असं मी ऑफिसात दोघांना सांगूनही टाकलं. भिंती, दारं प्रोग्रॅममध्ये वेगवेगळ्या थरांवर असतात; यादीत दारांच्या थराशेजारी डोळ्याचं एक छोटं चित्र असतं, ते माझ्याकडूनच मिटलं गेलं होतं. डोळा उघडला, दारं आली. हाही सल्ला समजा: काही नाहीसं झालं तर आधी डोळा बघा, मग व्हायरस.

मग भिंत सरकली.

मधली भिंत घालून, स्वयंपाकघर बरोबर आठ फूट करून मी निश्चिंत झालो होतो. मापांच्या आकड्यांची गर्दी होते म्हणून ते मी लपवून ठेवले होते. भिंतीवर क्लिक केलं, की उजवीकडच्या पट्टीत माप दिसायचं. दोन दिवसांनी सहज क्लिक केलं, तर पावणेआठ. मी म्हटलं, माझीच चूक. पुन्हा आठ केलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन चप्पल काढायच्या आत बघितलं. पावणेआठ.

भिंतीच्या एका बाजूला आमचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला भावाची बेडरूम. आमच्याकडे तीन इंच कमी म्हणजे त्याच्याकडे तीन इंच जास्त. आणि फाइल बदलता येणारी माणसं दोनच.

एकदा डोक्यात असं शिरलं, की जे ते पुरावाच दिसायला लागतं. त्याच आठवड्यात जाऊबाईंनी बायकोला सांगितलं, की त्या नव्या बेडरूमसाठी मोठं कपाट बघताहेत. भाऊ संध्याकाळी येताना उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन आला आणि तो थेट माझ्या हातात दिला. एरवी तो बिस्किटं मुलांच्या हातात देतो. वर विचारलं, "प्लॅन कसा चाललाय दादा?" आणि हसला. त्या हसण्यावर मी बरीच मेहनत घेतली. बिस्किट चहात बुडवताना, आंघोळ करताना, नारायणगुड्याच्या सिग्नलला थांबलो असताना, आणि दर वेळी ते हसणं थोडं आणखी वाईट निघालं.

सरळ विचारायचं म्हणाल, तर आमच्या घरात ती पद्धत नाही. दोघं भाऊ एकमेकांशी क्रिकेट आणि पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो. जे अवघड असेल ते मी बायकोला सांगायचं, तिने जावेला, जावेने त्याला. उत्तर त्याच वाटेने परत येतं. याला आम्ही लिहाज म्हणतो. वडील असेपर्यंत हे सगळं त्यांच्यामार्फत चालायचं, ते गेल्यावर बायकांवर आलं. पण हे बायकोला कसं सांगणार? तुझं आठ फुटांचं स्वयंपाकघर तुझा दीर खातोय, असं? म्हणून मी गप्प राहिलो आणि नजर ठेवली.

भिंत दुरुस्त करायचंही सोडून दिलं. कुठवर जातोय ते तरी बघू, म्हटलं. सापळा म्हणून बायकोची घरघंटी त्या भिंतीला अगदी चिकटवून काढली. पुढच्या वेळी क्लिक केलं तर भिंत घरघंटीच्या पोटातून गेलेली. मी दिवसातून अनेकदा बघायला लागलो. सकाळी दात घासत, चहा घेत, ऑफिसला निघताना एकदा. जितकं जास्त बघावं तितकं स्वयंपाकघर आक्रसत चाललेलं. मला वाटलं, मी नजर ठेवतोय हे त्याच्या लक्षात आलंय आणि आता तो घाई करतोय.

शेवटी मुलीकडून शिकून घेतलं आणि भावाचा फाइल बदलण्याचा हक्क काढून घेतला. त्याने आता नुसती बघावी. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर सात फुटांवर आलं होतं.

आता मात्र मी खरोखर घाबरलो. भाऊ नाही, तर मग कोण? संशयित आता आमच्याच बाजूला उरले होते. मुलीला विचारलं तर तिने इयरफोन काढायचीही तसदी घेतली नाही. मग मी पोळ्या लाटणाऱ्या बायकोमागे जाऊन, जमेल तितक्या सहज आवाजात, दुपारी ती कॉम्प्युटरला हात लावते का असं विचारलं. तिने लाटणं थांबवलं. कॉम्प्युटर पुसायचा का, असं तिने मला उलट विचारलं, आणि ती जे समजायचं ते समजली. रात्रीचं वाढताना माझं ताट तिने जरा जोरातच ठेवलं.

रविवारी सकाळी भाऊ आमच्या खोलीत आला. हातात पुन्हा बिस्किटांचा पुडा. मी कॉम्प्युटरसमोर होतो, बायको खिडकीशी शेंगा निवडत बसली होती. तो माझ्याशी न बोलता तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. अवघड बोलायचंय, हे मला तेवढ्यावरूनच कळलं. आज तर जावेलाही मधे न घालता थेट तिच्याशी. मी पाठ वळवून बसलो आणि कान सगळे तिकडे.

"वहिनी," तो म्हणाला, "दादाला जरा सांगा. आम्हाला एवढं नको."

तिने विचारलं, एवढं म्हणजे काय?

"रोज बघतोय फोनवर. थोडी थोडी करून भिंत तुमच्याकडे सरकवतोय तो. बोलायचं काही नाही, नुसतं करत राहायचं. बाबा असंच करायचे." त्याचा आवाज जरा बसला होता. "मला तर त्याने नुसतं बघायला ठेवलं फाइलमध्ये. मी परत सरकवीन म्हणून. तेव्हाच समजलो. पण वहिनी, तुमचं स्वयंपाकघर सात फुटांवर आलंय, हे तुम्हाला माहितेय का?"

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दोन गोष्टी होत्या. स्वयंपाकघर सात फूट झालं, ही एक. आणि गेल्या आठवड्यात मी तिला काय विचारलं होतं, ही दुसरी.

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे गप्प बसायचं. थोरला, उदार, न बोलता देणारा, वडिलांसारखा भाऊ होऊन आयुष्यभर मिरवायचं. खरं सांगतो, मिनिटभर मी तेच केलं. चेहराही तसा करून झाला होता. पण आठ फूट तिचे होते, मला दान करायला माझे नव्हते. शिवाय हे नक्की कोण करतंय ते मला अजून कळलं नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय मी जेवलो नसतो.

"मी नाही सरकवलेली," मी म्हटलं.

"दादा, राहू दे."

"अरे, खरंच नाही. मला वाटलं, तू."

भावाने पुडा खाली ठेवला. दादाने आपल्याला चोर धरलं, हे हळूहळू त्याच्या तोंडावर आलं, आणि मी लगेच स्क्रीनकडे वळलो. पुरावा दाखवतो, म्हटलं. हे बघ, आत्ता सात आहे. आणि भिंतीवर क्लिक केलं.

बायको एव्हाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभी होती. "अहो, थांबा," ती म्हणाली. "ते पुन्हा करा."

मी पुन्हा केलं.

"आता हळू करा."

मी हळू केलं, आणि तेव्हा मलाही दिसलं. ऑफिसात जन्म टाइपरायटर बडवण्यात गेलेला, त्यामुळे मी माउसचं बटण दाबतो ते नुसतं दाबत नाही, दाबून ठेवतो. माप दिसतं उजवीकडच्या पट्टीत. भिंतीवर बोट दाबलेलं असतानाच माझे डोळे माप बघायला उजवीकडे जात, डोळ्यांमागून हात जाई, हाताबरोबर माउस, आणि माउसला चिकटलेली भिंत. रेघा नीट जुळाव्यात म्हणून प्रोग्रॅमला मीच तीन-तीन इंचांच्या टप्प्यांवर ठेवलं होतं, त्यामुळे ती सरकली की बरोबर तीन इंच. उजवीकडे आमचं स्वयंपाकघर. शांतपणे क्लिक केलं तर काही होत नसे. घाईत, धास्तीत केलं की सरके. म्हणजे जितका संशय जास्त तितकं स्वयंपाकघर लहान.

भाऊ वाकून बघत होता. तो हसेल असं मला वाटलं, पण हसली ती बायको. डावा हात अंगाशी धरून, शेंगांची टरफलं सांडत. मग भाऊही हसला, पण जरा उशिराने. त्याने माझ्या हातातून माउस घेतला, भिंत मागे नेली, आठ फूट केली, आणि थरांच्या यादीत भिंतींसमोरच्या छोट्या कुलपाच्या चित्रावर टिचकी मारली. आता ती हलणार नाही, म्हणाला. माप बघायचं असेल तर आधी कुलूप, मग क्लिक. हा या लेखातला शेवटचा सल्ला, आणि याच्यासाठी मी बरीच किंमत दिली आहे.

जाताना तो दारात थांबला. "बिस्किटं खा दादा," एवढंच म्हणाला. त्यात रागही होता आणि काय की आणखीही काही होतं. त्याने पुढच्या रविवारीही पुडा आणला, पण तो मुलांच्या हातात दिला. मला ते बरं वाटलं.

भिंतीला कुलूप लागलं त्याच दुपारी मी नकाशा छापला होता. ठिपका नाही, अख्खं घर आलं. कागद बायकोसमोर धरला. तिने आमच्याकडचं स्वयंपाकघर बोटाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजल्यासारखं केलं, घरघंटीवर बोट ठेवलं, कागदाची घडी करून आपल्या कपाटात ठेवली.

"मेस्त्री भिंत बांधायला घेईल ना," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आपले ऑफिसला जा. टेप लावून बघायला मी आणि भावजी आहोत."