सल्ला देऊ नये

धायरीतल्या एका सोसायटीत पार्किंगच्या खांबाला पत्र्याची पाटी टांगलेली असे. 'येथे दुरुस्ती चालू आहे. सल्ला देऊ नये.' ती रंगवणारे, टांगणारे आणि तिच्याखाली पाट टाकून बसणारे गृहस्थ एकच, हिंमतराव. कारखान्यात अठ्ठावीस वर्षं नटबोल्ट तपासून निवृत्त झालेले. त्यामुळे आपण सोडून जगात सगळ्यांचं काम कच्चं, हे त्यांना तोंडपाठ. मिक्सर, पंखा, शेजाऱ्याची बेल, काहीही बिघडू द्या, हिंमतराव पान्हा घेऊन हजर. बेल अजून वाजत नाही, ती गोष्ट वेगळी.

त्यांचा जीव मात्र गिअरच्या जुन्या स्कूटरवर. लग्नानंतर बायकोला, वेणूबाईंना, खडकवासल्याला भाजलेलं कणीस खायला नेलं ते हिच्यावरूनच. आणि हीच स्कूटर जूनपासून दगा देऊ लागली. घरून ऐटीत निघायची, दोन किलोमीटरवर गचके द्यायची आणि बंद. हिंमतरावांनी लगेच निकाल दिला, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या सौरभनं सर्व्हिसिंगमध्ये वाट लावली! सोसायटीच्या ग्रुपवर तसं टाकलंसुद्धा, वर 'सावध राहावे' असं जाड अक्षरांत.

तीनदा भर रस्त्यात उतरून चालत आल्यावर वेणूबाईंनीही निकाल दिला. "रविवारी दहाला भंगारवाला येतोय. त्याआधी मला खडकवासल्याच्या धरणापर्यंत नेऊन आणलंत तर ही राहील. नाहीतर जाईल."

स्कूटर जाणार या कल्पनेनंच हिंमतराव धास्तावले. पण तसं दाखवतील तर ते हिंमतराव कसले!

शुक्रवारी प्लग बदलला. स्कूटर पुन्हा दोन किलोमीटरवर थांबली. पेट्रोल संपलं का बघायला त्यांनी झाकण उघडलं, फुस्स आवाज झाला. पेट्रोल होतं. जरा वेळानं किक मारली, चालू! "प्लग तापला होता," त्यांनी रस्त्यालाच समजावून सांगितलं. शनिवारी कार्ब्युरेटर खोलला आणि वेणूबाईंच्या कणकेच्या परातीत पेट्रोलनं धुतला. वेणूबाई त्यावर काय बोलल्या, ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात सौरभ तिथून चालला होता. तो थबकला, स्कूटरकडे वाकून बघत म्हणाला, "काका, एक बोलू का?" हिंमतरावांनी मान वर न करता स्क्रू-ड्रायव्हर पाटीकडे दाखवला. सौरभनं पाटी वाचली आणि निघून गेला.

रविवारी आठला वेणूबाई मागे बसल्या. वाटेतल्या नांदेड फाट्याजवळ स्कूटर बंद. झाकण, फुस्स, किक, चालू. किरकटवाडीला पुन्हा बंद. झाकण उघडलं, फुस्स.

"अहो, किक राहू द्या जरा," वेणूबाई म्हणाल्या. "दरवेळी झाकण उघडलंत की फुस्स होतं आणि मगच ही चालू होते. तेलाच्या डब्याला मी दोन भोकं पाडते, एक तेलाला, एक वाऱ्याला. एकच पाडलं तर तेल खाली येत नाही. ह्या झाकणाला वाऱ्याचं भोक कुठाय?"

हिंमतराव झाकण उलटंपालटं करून बघू लागले. भोक होतं हो! उन्हाळ्यात पेट्रोल उडून जातं म्हणून मे महिन्यात त्यांनीच त्यात खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून ते बुजवलं होतं. वर "बनवणाऱ्यांना एवढी साधी अक्कल नाही" असंही ऐकवलं होतं.

"बुजलंय वाटतं," ते पुटपुटले.

"बुजलंय, की बुजवलंय?"

वेणूबाईंनी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. रस्त्याच्या कडेला बसून हिंमतरावांनी पंधरा मिनिटं लांबी टोकरली. मग स्कूटर धरणापर्यंत गेली आणि एकदाही न अडखळता परत फिरली. हिंमतरावांना एवढा आनंद झाला, की त्यांनी भर सिंहगड रोडवर शीळ घातली.

सोसायटीच्या कोपऱ्यावर मागून वेणूबाईंचं बोट खांद्याला टोचलं. "थांबवा इथे. ग्रुपवर अक्षरं जाड होती ना? आता तोंडानं सांगा."

सौरभ फडक्याला हात पुसत बाहेर आला. हिंमतराव दोनदा खाकरले. "झाकणाचं भोक बुजलं होतं. म्हणजे मीच बुजवलं होतं. तुझी काही चूक नव्हती."

"माहितीये काका. शनिवारीच दिसलं होतं मला," सौरभ म्हणाला. "सांगणारच होतो. पण पाटी होती ना."

हिंमतरावांचे कान लाल झाले. आपल्याच पाटीपायी लाडकी स्कूटर भंगारात निघाली होती, हे त्यांना चांगलंच झोंबलं.

पार्किंगमध्ये भंगारवाला हातगाडी लावून उभाच होता. "काय न्यायचंय, ताई?"

वेणूबाईंनी आधी स्कूटरकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग नवऱ्याकडे. हिंमतराव निमूट पाटावर चढले, तार सोडली आणि पाटी काढून हातगाडीवर ठेवली.

"एवढंच?" भंगारवाल्यानं विचारलं.

"तेवढंच बिघडलं होतं," वेणूबाई म्हणाल्या.