नोल्फाचा प्रश्न

चिलोए बेटावरच्या कास्त्रो गावी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नोल्फा बार्रियेंतोसला फोनचा वीट आला होता. समुद्रात विषारी शेवाळ माजून लाल भरती आली की शिंपल्यांत विष भरतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. कुठल्या खाडीत विष किती चढेल याचा अंदाज काढणारं एक फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्राम, तिने आर या संगणकभाषेत स्वतःपुरतं लिहिलं होतं. मग काय, अख्खं बेट तिलाच फोन करायचं.

"इथले शिंपले खाऊ का?"

"इथले म्हणजे कुठले?" नोल्फा वैतागून विचारायची. चिलोएच्या माणसाला स्वतःच्या खाडीचं नाव सांगणं जिवावर येतं. आपण उभे आहोत तेच 'इथे', हे जगाला ठाऊक नको?

शेवटी तिने त्या फंक्शनची वेब सर्व्हिस करून ती सर्व्हरवर चढवली. मोबाइलवरून खाडी आणि तारीख पाठवली की फंक्शन तिकडेच हिशेब करून उत्तर धाडायचं. मध्ये नोल्फा नको. फोन गप्प झाला. तिचा माते चहा गरम असतानाच पिऊन होऊ लागला, आणि बाई खरोखर सुखावली.

एका शनिवारी बेटावरच्याच केइलेन गावाहून ओतिलिया मावशीचा फोन आला, तोही कौतुक करायला.

"पोरी, तुझं यंत्र गुणाचं गं. तुझ्यासारखे फाटे फोडत नाही. लगेच खा म्हणालं. आज शेजारच्या रोसामेलचं अख्खं लाकडी घर ओढून नव्या जागी न्यायचंय, सगळं गाव राबतंय. सगळ्यांच्या जेवणाला खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपल्यांचा कुरांतो शिजवलाय, तो खड्डा आता उघडतोच आहोत."

"खाडी कुठली लिहिलीस, मावशी?"

"खाडी कशाला लिहू? इथलेच की शिंपले."

नोल्फाला आपली चूक कळली. स्वतःपुरतं लिहिताना तिने एक सोय करून ठेवली होती: खाडी सांगितली नाही, तर कास्त्रोची धरायची. सर्व्हरवर चढवताना ती काढायची राहूनच गेली. कास्त्रोची खाडी स्वच्छ होती. केइलेनचे आकडे तिने सकाळीच पाहिले होते, आणि ते वाईट होते.

"कुणी खाल्लंय का?"

"अजून नाही. का गं?"

"कुणालाही तोंड लावू देऊ नकोस. रस्सासुद्धा नको. विषारी आहेत. चूक माझी आहे, मावशी, पण आधी जा."

मावशी एरवी वाद घातल्याशिवाय हलणारी नव्हे. पण गेली. नोल्फा फोन कानाला लावून बसून राहिली. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती. पलीकडे हशा, मग मावशीचा चढलेला आवाज, मग काहीच नाही.

"खड्डा बुजवला," मावशी परत येऊन म्हणाली. "माणसं पाव खाऊन घर ओढतायत. रोसामेल तुझ्या नावाने बोटं मोडतोय."

"मोडू दे," नोल्फा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्याच दुपारी तिने ती सोय काढून टाकली.

पुढच्या आठवड्यात मावशीचा पुन्हा फोन.

"तुझं यंत्र बिघडलं. शिंपले खाऊ का विचारलं, तर उलट मलाच विचारतंय, इथले म्हणजे कुठले?"

"मग सांग की त्याला."

"त्याला कशाला सांगू? तुला सांगते. केइलेन."

नोल्फाने माते बाजूला ठेवला आणि केइलेनचे आकडे उघडले.