आकाशातला न सरकणारा ठिपका

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. हे एक प्रकरण मात्र मिनिटामिनिटाने आठवतं, कारण त्याचा तपास मी जमिनीपासून दोन हजार फुटांवर केला.

इंदूरच्या बाहेरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा टीआय, म्हणजे मुख्य निरीक्षक, होतो. दुपारी फोन आला. मुन्शीने, म्हणजे ठाण्यातल्या लिखापढीच्या हवालदाराने, रोजनामच्याचं पान उघडून पेन हातात घेतलं आणि तसाच थांबला. पलीकडून एक शेतकरी ओरडत होता, "साब, म्हारा लसण का खेत में जहाज पड़ गयो! माय एक छोरी है!"

जहाजात मुलगी आहे म्हटल्यावर लगेच जीप काढली. लसणाच्या शेतात एक ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, एका पंखावर कलून पडलं होतं. चालवणारी पंचविशीतली मराठी मुलगी बांधावर बसली होती. खांद्याचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होती.

"बाजूने दुसरं ग्लायडर थेट माझ्यावर आलं," ती म्हणाली. "काकांचं होतं. मी खाली सूर मारला म्हणून वाचले. मग उंचीच उरली नाही, मैदानापर्यंत पोचले नाही."

काका म्हणजे तिच्याच ग्लायडिंग क्लबातले साठीचे वैमानिक. तीस वर्षं ग्लायडर उडवणारे, सगळ्यांना आदर. संध्याकाळी मुलीचे वडील ठाण्यात आले. "मागच्या हफ्त्यात पहिलं कोण उडणार यावरून त्या दोघांची तू-तू मैं-मैं झाली होती. त्यांनी मुद्दाम केलं साहेब. सीधा जान से मारने का इरादा!"

हेतू आयता हातात आला होता. विमान वाहतुकीच्या अधिकाऱ्यांना कळवलं आणि काकांना जबाबासाठी बोलावलं.

जबाब घेताना मी समोर बसायचो आणि मुन्शीला बाजूला बसवायचो. दोन दिशांनी प्रश्न आले की खोटं बोलणारा गोंधळतो. काका गोंधळले नाहीत. मुन्शीने काही विचारलं की ते खुर्चीसकट त्याच्याकडे वळायचे, उत्तर द्यायचे आणि पुन्हा खुर्ची सरकवून माझ्याकडे तोंड करायचे. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस आहे, अदब पाळतोय.

"पोरीसारखी आहे ती मला," ते म्हणाले. "भांडण झालं, हो. पण साहेब, मला ती दिसलीच नाही. आली कुठून तेच कळलं नाही."

"निरभ्र आकाशात एवढं पांढरं विमान दिसलं नाही?"

"बिलकुल नाही."

मी विश्वास ठेवला नाही. तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला दिसत नाही, हे कोण मानेल?

तिसऱ्या दिवशी क्लबातला विंचवाला ठाण्यात आला. विंच म्हणजे मैदानाच्या टोकाला असलेलं इंजिन. ते तारेचा दोर झपाट्याने गुंडाळतं आणि ग्लायडर वर चढतं. विंचवाला आधी पाणी प्यायला, मग म्हणाला, "साहेब, माझं नाव नको. काकाजींनी पंधरा दिवस आधी भी असंच केलं होतं. क्लबातल्या दुसऱ्या एका वैमानिक भियासोबत. एकदम घासून बाजूने गेले. आणि त्या भियाशी तर त्यांची पक्की दोस्ती आहे. लिहाजापोटी तो कुणाला बोलला नाही."

मी धरलेला हेतू तिथेच कोसळला. ज्याच्याशी दोस्ती, त्याला कशाला मारेल माणूस?

चौथ्या दिवशी मी मैदानावर गेलो. तिथल्या मुख्य प्रशिक्षक बाईंना म्हणालो, "मला जागेचा पंचनामा करायचा आहे."

बाई हसल्या. "जागा वर आहे साहेब. चला."

दोन आसनी ग्लायडरमध्ये पुढे मी, मागे बाई. पट्टे आवळले. दोर ताणला गेला आणि जमीन पायाखालून निघूनच गेली! पाठ आसनाला चिकटली, समोर नुसतं आकाश. मग दोर सुटला आणि फक्त वाऱ्याची सळसळ उरली. खाली गव्हाची पिवळी शेतं, लांब शहराच्या इमारती. एक घार आमच्याबरोबर गोल फिरत होती. पन्नाशी उलटलेला मी लहान पोरासारखा हसत होतो.

"इथे गरम हवा वर चढते," बाई मागून सांगत होत्या. "सगळे त्यातच गोल फिरून उंची घेतात, म्हणून गर्दी होते. आधीचा ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने नंतरच्याने फिरायचं. वळण्याआधी मान फिरवून चारी बाजूंना बघायचं. आणि लांबच्या ग्लायडरचा ठिपका काचेवर सरकत असेल तर घाबरू नका. जो काचेवर एकाच जागी राहतो आणि मोठा होत जातो, तो आपल्यावर येतोय."

पाचेक मिनिटांनी मला उजवीकडे एक ठिपका दिसला.

"बाई, एक ठिपका आहे."

"सरकतोय?"

मी बघत राहिलो. "नाही. मोठा होतोय."

त्या वेळी वर दुसरं ग्लायडर फक्त काकांचं होतं. बाईंचा आवाज रेडिओवर कडाडला, "काका, मी तुमच्या डावीकडे, तुमच्याच उंचीवर! उजवीकडे वळा!"

"कुठे? मला दिसत नाही!"

ठिपक्याला पंख फुटले. काकांनी त्या दिवशी उडू नये असं मला वाटत होतं, पण थांबवायला कायद्याचा आधार नव्हता. आता ते थेट आमच्यावर येत होते. बाईंनी ग्लायडर उजवीकडे कलवून खाली घातलं. मान वर करून मी पाहिलं तर काकांचं ग्लायडर आमच्या डोक्यावरून सणसणत गेलं, इतक्या जवळून की काचेआड त्यांची पांढरी टोपी दिसली. रेडिओवर ते अजून "कुठे, कुठे" विचारत होते आणि टोपी मात्र सरळ पुढे रोखलेली होती. तसूभरही वळली नव्हती.

त्याच क्षणी मला ती ठाण्यातली खुर्ची आठवली.

उतरल्यावर काका ग्लायडरपाशी उभे होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेलो. "काका, माझ्याकडे बघा. फक्त मान वळवून."

त्यांनी प्रयत्न केला. चेहरा वेदनेने आक्रसला. मग ते सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"दोन वर्षं झाली साहेब. मानेचे मणके धरलेत. डॉक्टर म्हणाले, उडणं बंद करा. मी तपासणीच्या फॉर्मवर लिहिलंच नाही. जमिनीवर मी शरीर वळवून निभावून नेतो. वर पट्ट्यांत बांधलेलं असतं." मग म्हणाले, "दिसलं नाही ते खरंच सांगितलं मी. का दिसलं नाही ते लपवलं."

खुनाच्या प्रयत्नाचं कलम गळालं. निष्काळजीपणा आणि आजार लपवल्याचा अहवाल मी पुढे पाठवला. काकांचा परवाना गेला. तो जाण्याआधीच ते इंदूरच्या स्नेहलतागंज भागात त्या मुलीच्या घरी गेले. मी बरोबर होतो. वडिलांनी दारातच तोंड फिरवलं. मुलगी हात गळ्यातल्या झोळीत बांधलेल्या अवस्थेत बाहेर आली.

"दोन वर्षं, काका? मला एकदा तर सांगायचं! मी तुमच्यापासून लांब उडाले असते."

तिने त्यांना आत बोलावलं, चहा केला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तेही मला योग्यच वाटलं.

पोलीस आधी हेतू शोधतो. वैर आहे का, फायदा कुणाचा, हेच आम्हाला शिकवलेलं. त्या दिवसानंतर प्रत्येक अपघातात मी पहिला प्रश्न बदलला. चालकाला मी आधी त्याच्या जागेवर बसवायचो, शेजारी बसायचो आणि विचारायचो, इथून तुला काय काय दिसतं, सांग. त्याआधीच्या वर्षांत, रस्त्यातल्या एका बाईला धडक दिलेल्या टेम्पोवाल्याने "बाई दिसली नाही साहेब" असं मला तीनदा सांगितलं होतं. त्याच्या जबाबाखाली 'खोटे बोलतो' असा शेरा मी माझ्या हाताने लिहिला. त्याच्या आसनावर बसून बघायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.