दोन लाख सत्तर हजारांतली जमना

चोपड्याच्या तोताराम आबांनी आयुष्यात एकही फोटो काढून टाकलेला नाही. नवरदेवाचे डोळे मिटले तरी ठेवला, मध्येच कुणाची म्हैस आली तरी ठेवला. चाळीस वर्षं लग्नं टिपली, आणि लग्नं नसतील तेव्हा केळीचे बाग. वादळाने बाग आडवा झाला की शेतकरी विम्यासाठी त्यांनाच बोलावत. सकाळी बाग, दुपारी लग्न, कॅमेऱ्यातलं कार्ड एकच. मग संध्याकाळी सगळा माल संगणकात एकत्रच ओतायचा. आज तिथे दोन लाख सत्तर हजार फोटो आहेत, आणि हा आकडा सांगताना आबांची छाती अजून फुगते.

त्या मंगळवारी सकाळी अकराला पुनम दुकानात आली तेव्हा मात्र त्या फुगलेल्या छातीतली हवाच गेली.

पुनम वढोदे रस्त्यावरच्या वस्तीतली, एकवीस वर्षांची. आई जमना ती दहा वर्षांची असतानाच गेली. पुनमच्या घरात लग्नाच्या हळदीला वारलेल्या माणसाचा फोटो पाटावर ठेवतात आणि पहिली हळद त्याला लावतात. पण जमना कॅमेरा दिसला की पदर ओढून पळायची. उरला होता तो आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात ती इतकी काळवंडलेली की तिला स्वतःलाही स्वतःची ओळख पटली नसती.

"आबा, मनी मायना एकबी फोटू नही शे," पुनम म्हणाली. "चुडामण मामाना लगीनमा तुम्हीच व्हतात. आज पाचले मनी हयद शे."

"बस पोरी. आते काढस!" आबा म्हणाले आणि ऐटीत फोटोंचं सॉफ्टवेअर उघडलं.

पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरतंय, फिरतंय. पुनमचा चहा पिऊन झाला, चक्र फिरतंच आहे. दोन महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तेव्हापासून हेच रडगाणं, पण आबांनी चालढकल केली होती. आता संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तेच. त्यांनी यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेच. साडेअकरा वाजले. पोरगी सारखी घड्याळाकडे बघत होती.

मग त्यांनी चष्मा वर सरकवून पडदा नीट वाचला. आयुष्यभर दुसऱ्यांना 'इकडे बघा' सांगणाऱ्या माणसाने स्वतः कोपऱ्यात कधी बघितलं नव्हतं. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'चेहरे शोधत आहे'. आबांनी त्यावर माउस दाबला. दोन मिनिटांनी एक पान उघडलं, वर प्रश्न, 'ही व्यक्ती कोण?' आणि खाली ओळीने केळीचे घड, लोंबणारी केळफुलं, एका ट्रॅक्टरचे दोन दिवे.

आबा हसत सुटले. "पुनम, दख! येडं आख्खा बागमा माणसं धुंडी ऱ्हायनं!"

साठ हजार फोटो नुसत्या केळीचे. बिचारं सॉफ्टवेअर दोन महिने पानापानात नाक-डोळे शोधत बसलं होतं. ते नाव विचारायचं आणि हे महाशय बघायचेच नाहीत! आबांनी चेहरे शोधणं थांबवलं. संगणकातल्या पंख्याची घरघर कमी झाली, चक्र थोडं चपळ झालं, पण अजून एकेक फोटो उघडायला अर्धं मिनिट लागत होतं.

आता आबा पेटले. टेबलाखाली वाकून पाहिलं तर बाहेरून वायरने जोडलेल्या जुन्या डिस्कचा निळा दिवा थांबायचं नाव घेत नव्हता. तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फोटो तिथे होते ते ठीक, पण कुठला फोटो कुठे आहे याची सॉफ्टवेअरची यादीसुद्धा तिथेच होती. म्हणजे काहीही मागितलं की ते त्या म्हाताऱ्या डिस्ककडे धावायचं. यादी संगणकाच्या आतल्या वेगवान डिस्कवर आणायला हवी होती. एवढं सोपं होतं, पण मध्येच काही बिनसलं तर चाळीस वर्षांचा पसारा बिनपत्त्याचा होणार. त्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं, आधी यादीची एक जादा प्रत काढली, इन्व्हर्टर चालू आहे ना ते दोनदा पाहिलं आणि यादी हलवायला टाकली. वीस मिनिटं.

"लगीन कवय व्हतं?" त्यांनी विचारलं. पुनमला तारीख कुठली आठवणार! पण आबांना उपाय सापडला. "मामीले फोन लाव. आहेरना भांडावर नाव कोरेल ऱ्हास, तारीख ऱ्हास."

मामीने मांडणीवरचा पितळी डबा उतरवला आणि फोनवर मोठ्याने वाचला. चि. चुडामण व चि. सौ. कां. उषा यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ, अठ्ठावीस एप्रिल दोन हजार तेरा. आबांनी टेबलावर थाप मारली.

सॉफ्टवेअर उघडलं, आणि या वेळी असं उघडलं की आबा खुर्चीत मागे सरले. तारीख टाकली. टकाटक चौदाशे फोटो समोर! बाण दाबला की फोटो, बाण दाबला की फोटो. आबांना पंचविशीतल्यासारखं वाटलं. सहाशेव्या फोटोत जमनाची पाठ. सातशे दहाव्यात पदर आणि एक कान. पुनम खुर्ची ओढून पडद्याला चिकटली. नऊशे ओलांडले, जेवणाची पंगत आली, वरण-बट्टीची ताटं, आणि पुनम किंचाळली.

जमना. हातात वांग्याच्या भाजीची बादली, पदर खांद्यावर सरकलेला, आणि तोंडभर हसू. ऊन तिच्या गालावर पडलेलं.

आबांच्या पोटात आनंद मावेना. तरी जुनी खोड जाते थोडीच! त्यांनी डोळे किलकिले केले. "फोटू झकास शे, पण डोया कॅमेरामा नहीत. जराशी खाले दखी ऱ्हायनी."

त्यांनी आणखी चांगला सापडतो का म्हणून मागचा बाण दाबला. एका क्षणाआधीचा फोटो. तीच पंगत, तीच जमना, अजून न हसलेली. आणि फोटोच्या खालच्या कडेला कुणाच्या तरी दोन वेण्या, लाल रिबिनी लावलेल्या. आबांना एकदम आठवलं. एक पोरगी सारखी कॅमेऱ्यापुढे येऊन उभी राहत होती आणि ते तिच्यावर ओरडले होते.

पुनमने पडद्यावरच्या त्या रिबिनींना बोट लावलं. मग पुढचा बाण तिनेच दाबला. आई पुन्हा हसली.

"आबा," ती म्हणाली, "माय मनाकडे दखी ऱ्हायनी."

आबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. मग मोठा प्रिंट काढला, कुठेही न कापता.

पाच वाजता ते स्वतः फ्रेम घेऊन मांडवात गेले. पुनमने फोटो पाटावर ठेवला, आईच्या गालाला पहिली हळद लावली, आणि बायकांनी बोलावलेल्या जागेवर न जाता ती त्या पाटासमोरच, जराशी खाली, जमिनीवर बसली.