हाताला लागलं ते

ताईंनी वीस वर्षं शर्टांना काजं केली. कारखाना बंद पडल्यावर तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन त्या वृद्धांच्या घरी सेवेला जाऊ लागल्या. मास्तरांकडे त्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असत. मास्तर एक्याण्णव वर्षांचे, जन्मभर गणित शिकवलेले. पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. "ताई, तुमची दहा मिनिटं सतरा मिनिटांची असतात," असं ते रोज ऐकवायचे.

दवाखान्याची एक फेरी झाली की मास्तर चार दिवस डोकं वर काढत नसत. म्हणून त्यांच्या लेकीने घरबसल्या तपासणीची सोय लावून घेतली होती. साडेनऊला ताई टॅबलेट स्टुलावर उभा करायच्या, रक्तदाब, नाडी मोजायच्या आणि डॉक्टर मॅडम पडद्यावर यायच्या. ताईंना मनातून हा पोरखेळच वाटायचा. हात न लावता कसली तपासणी?

एका मंगळवारी मास्तरांनी ताईंना ओळखलंच नाही. चादर ओढत, "घंटा झाली, वर्गावर जायचंय," एवढंच ते घोकत होते. लेक दारात उभी होती. "वय झालंय," ती हळूच म्हणाली. "हे कधीतरी होणारच होतं."

पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "परवापर्यंत चांगले होते ना? वय असं दोन दिवसांत होत नाही. ताई, लघवी कधी झाली?"

"डायपर सकाळी जवळजवळ कोरडं होतं. मला वाटलं, पाणी कमी प्यायलेत."

"बेंबीच्या खाली तळहात सपाट ठेवा. अगदी हळू दाबा. काय लागतं?"

ताईंनी हात ठेवला. मास्तर कण्हले. "कडक लागतंय, मॅडम. गोळा आहे. फुगवलेल्या चेंडूसारखा."

"वर कुठपर्यंत?"

"बेंबीच्या खाली दोन बोटं."

"लघवी तुंबलीय. आता औषधांची पिशवी पलंगावर पालथी करा."

पिशवीतून सर्दीच्या गोळ्यांचं नवं पाकीट निघालं. लेकीचा चेहरा उतरला. "दोन दिवस देतेय. साधीच गोळी आहे."

"तुम्हाआम्हाला साधी. या वयात ती लघवी अडवते, माणूस भ्रमिष्टही होतो. बंद करा. नर्सला पाठवतेय."

पाऊण तासात नर्स आली, नळी घातली. नळीला जोडलेली पिशवी भरत राहिली, जवळजवळ लिटरभर. मास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटत गेल्या.

साडेचारला मास्तरांनी डोळे उघडले. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

"मग माझी दाढी का नाही झाली?"

लेक तोंड फिरवून रडली. ताई साबण आणायला गेल्या. न्हाणीघरात त्यांनी स्वतःचा उजवा हात उजेडात धरला, आतून-बाहेरून पाहिला. बोटांवर सुईचे जुने व्रण, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं, "गोळा असेल हे तुम्हाला इतक्या लांबून कळलं कसं?"

"मला शंका होती, ताई. कळलं तुमच्या हाताला."

ताईंनी रक्तदाबाचा पट्टा मास्तरांच्या दंडाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"हं," मास्तर म्हणाले, "तेवढ्यात साडेनऊचे पावणेदहा झाले."

आठवड्याने नळी निघाली. मास्तर पुढे चौदा महिने जगले, आणि दवाखान्याची पायरी त्यांना पुन्हा चढावी लागली नाही.