दामूदादाच्या जीपची धाड

गॅरेजमध्ये जुने नटबोल्ट आणि किस्से कोणी फेकत नाही, पत्र्याच्या डब्यात साठत जातात. आमच्या टोकावड्याच्या गॅरेजचा अर्धा डबा एकट्या दामूदादाचा!

दादा आमच्याच गावचा. रोज सकाळी जीपने माणसं मुरबाडला नेतो. ती एक फेरी भरली तर ठीक, नाहीतर दिवसभर नाक्यावर माश्या मारायच्या.

खड्ड्यात चाकांचा एक्सल उसळून वरच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसीला भिडू नये म्हणून मध्ये बंप रबर असतो. दादाच्या जीपचा झडून सुपारीएवढा उरलेला. मी दाखवला.

"मंग? ड्रायवरच्या सीटला काय पन लागत नाय!"

बरोबर. लागत होतं मागच्यांना. तेवढ्यासाठी कोण थांबतो?

* * *

एकदा धीर करून म्हणालो, "दादा, दोन्ही बाजूंचे बदलू."

"खड्डे डावीकडं जास्त. डावाच बदल."

"मग गाडी उजवीकडे आदळेल."

"तं जाडी माणसं डावीकडं बसवतो!"

हे इंजिनिअरिंग शाळेत शिकवत असते, तर मी शाळा सोडली नसती.

* * *

शेवटी डावाही बदलला नाही. गाडीत कोणाची तरी राहिलेली चप्पल कापून तिथे कोंबली. एक दिवस त्याची रोजची पॅसेंजर सोनीआजी उतरताना पडलेलं नाणं शोधायला गाडीखाली वाकली.

"मेल्या, ही तं माजी चप्पल!"

"मंग आजी, तुजीच कंबर वाचवते ना ती!"

* * *

चप्पलही झिजून गेली. मग गावाबाहेरच्या स्पीड ब्रेकरवर अशी 'धाड' व्हायची की कुत्री पळायची. आजी मात्र पिशवी उचलून निघायची.

मी विचारलं, "हॉर्न ऐकून निघतेस का गो?"

"हॉर्न तं दूधवाला पन वाजवतो. धाड झाली म्हंजे आपला दामू!"

* * *

मग त्याच रस्त्यावर एक नवी व्हॅन सुरू झाली. गादीच्या सीटा! आजीने दादाला बजावलं, "रबर टाक, नायतर आमी चाललो त्या गाडीत."

दादा धावत गॅरेजला. "दोनी बाजूचे टाक. भारीतले!"

मी टाकले. ब्रेकरवरून चक्कर मारली. आवाजच नाही! दादा घाबरून म्हणतो, "गाडी चालू हाय ना रे?"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप गॅरेजसमोर उभी. रिकामी. एवढ्यात ती व्हॅन खचाखच भरून समोरून गेली. खिडकीतून सोनीआजी ओरडली, "दाम्या, आज आलाच नाय रे तू? किती वाट बघितली!"

 दादा जवळ येऊन हळूच म्हणाला, "ते जुने रबर फेकलेस का रे?"

मी डबा पुढे केला.