रंगाऱ्याचा शर्ट

चौदा मार्चला सकाळी साडेदहा वाजता प्राण्यांच्या निवाऱ्याच्या कचेरीत तीनशे चाळीस रुपयांची पावती फाटली. दाखल फी दोनशे, लस एकशे चाळीस. पैसे भरणारे गृहस्थ म्हणाले, नव्या जागेत कुत्रं चालत नाही. उरलेले सुटे त्यांनी मोजून घेतले, मग खाली वाकून कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि खिशात घातला. पट्टा नवा होता, म्हणाले. दहा महिन्यांचं ते तपकिरी कुत्रं टेबलाखाली असं घुसलं की त्याला बाहेर काढायला टेबलच उचलावं लागलं.

त्याला अकरा नंबरच्या पिंजऱ्यात ठेवलं, म्हणून ते ‘अकरा’ झालं. निवाऱ्यात कुत्र्यांना नावं ठेवत नसत. नाव घरी नेणाऱ्याने ठेवायचं, असा रिवाज होता. “नावं ठेवायला माणसं आहेत की,” असं मावशी म्हणायच्या.

मावशी म्हणजे पिंजऱ्यांची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाई. वय बावन्न, नोकरी एकोणीस वर्षांची. झाडणं, धुणं, खाणंपिणं हे काम होतंच, पण त्यांची खरी ख्याती हाताची होती. बिथरलेलं कुत्रं आलं की मावशी पिंजऱ्यात जाऊन कुत्र्याकडे बाजू करून आडव्या बसत, तळहातावर खाणं ठेवत आणि घरच्या गप्पा सुरू करत. नळाला पाणी किती वाजता आलं, नवरा चष्मा कुठे विसरला, शेजारणीने कशावरून तोंड फिरवलं. तीन दिवस कुत्रं कोपऱ्यात बसून ऐके, चौथ्या दिवशी हातावरचं खाई. एकोणीस वर्षांत पाचव्या दिवसाची वेळ आली नव्हती.

अकराने ती आणली. पाचवा गेला, नववा गेला, विसावा गेला. मावशींनी दाराची कडी काढली की ते पाण्याच्या कुंडीमागे अंग चोरायचं आणि भीतीने जागच्या जागी ओलं व्हायचं. मावशी बाहेर पडून दार लावत तेव्हा कुठे खायला उठायचं. मावशींनी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. मग त्या चिडल्या. मग घरी जाऊन मुकाट्याने जेवू लागल्या.

“काय झालं गं? तुझं ते अकरा नंबर अजून धरत नाही का?” थोरलीने विचारलं.

थोरली म्हणजे मावशींची थोरली जाऊ. दोन्ही भावांचे संसार एकाच घरात, स्वयंपाकघर एक, कपाटं वेगळी. थोरलीला मूल नव्हतं. मावशींना एक मुलगा. मावशी आधी दुसरीकडे आणि मग निवाऱ्यात कामावर जायच्या म्हणून मुलगा थोरलीच्या कडेवर वाढला, तिच्याच हातचं जेवला आणि तिच्याच कुशीत झोपला. आता तो परगावी नोकरीला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा, तो आधी थोरलीकडे. पाऊण तास तिथे बोलून झालं की थोरली फोन पुढे करायची, “घे, तुझ्याशी बोलायचंय त्याला,” असं म्हणून. तोपर्यंत त्याच्याकडे बोलायला काही उरलेलं नसे. ‘बरी आहेस ना, औषध घेतेस ना’, एवढ्यात संपायचं.

“धरेल,” मावशी म्हणाल्या.

“नाही, मी म्हटलं, तुझ्या हातात जादू आहे म्हणतात. कुत्र्यांपुरती का होईना.”

मावशींनी आमटीत मीठ जास्त झालंय असं सांगितलं. झालेलं नव्हतं.

निवाऱ्याचा दुसरा नियम साठ दिवसांचा होता. तेवढ्या मुदतीत जे कुत्रं कुणालाच जवळ करत नाही, ते मागच्या आवारात जायचं. तिथे म्हातारी, आजारी, चावरी अशी सगळी एकत्र असायची. कुत्रं न्यायला येणाऱ्या लोकांना ते आवार दाखवत नसत. तिथून घरी गेलेलं कुत्रं मावशींना एकही आठवत नव्हतं. अकराची मुदत तेरा मेला संपत होती.

एकतिसाव्या दिवशी पिंजऱ्यांसमोरच्या भिंतीला रंग द्यायला रंगारी आला. पन्नाशीचा, बारीक, बोलण्यात कंजूष माणूस. दुपारी एक वाजता त्याने बादली उपडी घातली, नेमकी अकरा नंबरसमोर, आणि पिंजऱ्याकडे पाठ करून डबा उघडला. मावशी नळाशी भांडी घासत होत्या. कुंडीमागून आधी एक कान दिसला, मग नाक. अकरा पोटावर सरपटत गजांपर्यंत आलं आणि रंगाऱ्याच्या शर्टाची पाठ हुंगू लागलं. रंगारी जेवत राहिला. त्याला पत्ताच नव्हता, किंवा असला तरी त्याने तो लागू दिला नाही.

मावशींच्या हातातलं भांडं नळाखाली भरून वाहू लागलं.

“काय घालता हो त्याला?” रंगारी डबा धुवायला आला तेव्हा त्यांनी विचारलं.

“कुणाला?”

“अकराला. गजांतून काही टाकत असाल तर सांगा. इथे परवानगी नाही.”

“मी कुठे काय टाकलं? मी तर बघितलंही नाही त्याच्याकडे.”

“तेच तर,” मावशी म्हणाल्या, आणि तेच तर म्हणजे काय, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाऱ्याला भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडून काम सुरू करायला लावलं. तो गेला. अकरा दिवसभर त्या टोकाकडे तोंड करून उभं राहिलं आणि संध्याकाळचं खाणं तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी रंगारी आपणहून परत अकरासमोर आला. “इथे ओल आहे, आधी खरवडायला हवं,” म्हणाला. ओल होती हे खरं होतं. मावशींनी बोट लावून पाहिलं.

असं तीन आठवडे चाललं. रंगारी पिंजऱ्याला टेकून बसू लागला. अकरा त्याच्या पाठीला पाठ लावून बसू लागलं, मधे फक्त गज. येणारेजाणारे थांबून बघायचे. कचेरीतला कारकून एकदा म्हणाला, “मावशी, तुमचा हात गेला वाटतं रंगाऱ्याला.” मावशी हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी पिंजऱ्याबाहेरची फरशी दोनदा धुतली आणि रंगाऱ्याला उठायला लावलं.

नऊ मेला रंगाऱ्याने निवाऱ्याच्या डॉक्टरबाईंना गाठलं. दोन खोल्यांचं घर आहे, म्हणाला. दिवसभर म्हातारे वडील घरी असतात, कुत्र्याला सोबत होईल, वडिलांनाही. डॉक्टरबाईंना आनंद झाला. मुदतीला चार दिवस उरले होते.

घर ठरवायची निवाऱ्याची एक रीत होती. न्यायला आलेल्या माणसाने आपला अंगावरचा, न धुतलेला एखादा कपडा आणून द्यायचा. तो तीन रात्री पिंजऱ्यात अंथरायचा. सकाळी कुत्रं त्या कपड्यावर झोपलेलं दिसलं तर रजिस्टरात ‘हो’, नाहीतर ‘नाही’. तिनात दोन ‘हो’ आले की कुत्रं त्या घरी जाणार. कपडा अंथरणं, सकाळी सहाला बघणं आणि लिहिणं, तिन्ही कामं मावशींची. डॉक्टरबाई नऊला येऊन न बघता सही करत. एकोणीस वर्षांत मावशींच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

दहा तारखेला संध्याकाळी रंगाऱ्याने एक निळा शर्ट आणून दिला. बाहीवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते. मावशी तो घेऊन पिंजऱ्याशी आल्या. शर्टाचा वास येताच अकरा कुंडीमागून बाहेर आलं. मावशींच्या पायाशी आलं. सत्तावन्न दिवस ज्याची वाट बघितली ते झालं, आणि ते हातातल्या शर्टासाठी.

त्यांनी शर्ट काखेत दाबला, मागे गेल्या आणि पिंजऱ्यातली फडकी उकळायच्या पिंपात तो टाकून दिला. मग अंगातला कामाचा ॲप्रन काढून अकराच्या पिंजऱ्यात अंथरला. एकदाच, त्या मनाशी म्हणाल्या. एकदा माझ्यावर झोपलं तर काय बिघडणार आहे?

सकाळी ॲप्रन गटाराच्या जाळीशी पडला होता. अकरा उघड्या फरशीवर होतं. मावशींनी रजिस्टरात ‘नाही’ लिहिलं. कपड्यावर झोपलं नव्हतं, म्हणजे खोटं काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या रात्री त्यांनी ॲप्रनच्या घडीत खाणं ठेवलं. सकाळी खाणं तसंच होतं. दुसरा ‘नाही’.

“नवलच आहे,” डॉक्टरबाई सही करताना म्हणाल्या. “दिवसा त्याला सोडत नाही आणि रात्री कपड्याला शिवत नाही? बरं, आजची रात्र राहिलीय ती पुरी करा. पण दोन ‘नाही’ झाले. परवा... म्हणजे उद्याच की. उद्या सकाळी मागे हलवा.”

रंगाऱ्याला सांगितलं तेव्हा तो कचेरीच्या दाराला दुसरा हात देत होता. तो थांबला, ब्रश डब्याच्या कडेला निपटला आणि म्हणाला, “त्याचं त्याला कळत असेल.” पुन्हा दाराकडे वळला. बोलला असता, भांडला असता तर मावशींना सोपं गेलं असतं.

त्या दिवशी दुपारी त्या घरी जेवायला गेल्या. थोरली भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मावशी शेजारी बसून सोलू लागल्या. मुलाच्या फोनचं काहीतरी निघालं, आणि त्यावरून थोरली सहज बोलून गेली, “दोन वर्षांचा असताना तू त्याला घेऊन माहेरी गेली होतीस, महिनाभर. आठवतं? जेवत नाही, जेवत नाही म्हणून तुझ्या आईचा निरोप आला होता.”

“आठवतं.”

“मी माझी शाल पाठवली होती गाडीवाल्याबरोबर. म्हटलं, पांघरली तर निजेल तरी पोर. पोचली की नाही, मी कधी विचारलंच नाही तुला.”

मावशींनी दोन शेंगा सोलल्या. “पोचली होती, जाऊबाई.”

“मग?”

“ट्रंकेत ठेवली होती.”

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग दाण्यांचं भांडं उचलून ती ओट्याशी गेली. तिथून म्हणाली, “आत्ताच सांगायचं होतंस का गं? चोवीस वर्षं विचारलं नव्हतं मी.”

मावशी न जेवता परत निघाल्या. पिंपाशी जाऊन त्यांनी शर्ट काढला. निळा शर्ट फिका पडून डागाळला होता, आणि सोडा नि फिनाईलखेरीज त्याला कसलाही वास उरला नव्हता. तो अकराला दाखवून उपयोग नव्हता. पाच वाजले होते. रंगारी हातपाय धुऊन फाटकाशी पोचला होता.

“अहो, थांबा जरा,” मावशींनी मागून हाक मारली. “तो शर्ट द्या.”

“दिला होता की परवा.”

“तो नाही. अंगातला.”

रंगाऱ्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“पहिला मी उकळून काढला,” मावशी म्हणाल्या. “चुकून नाही. त्याच्या पिंजऱ्यात दोन्ही दिवस माझा ॲप्रन होता. ते त्याच्यावरही झोपलं नाही, आता खूश व्हा हवं तर. पण अंगातला काढून द्या.”

आजूबाजूला दोनतीन माणसं होती. रंगाऱ्याने बटणं सोडली, शर्ट काढून दिला आणि बनियनवर, डबा हातात धरून बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

सकाळी सहाला अकरा त्या शर्टावर गाढ झोपलेलं होतं. नाक बाहीत खुपसलेलं, चारही पाय सैल. त्याला असं झोपलेलं मावशींनी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत खुपावं इतकं सुखाने ते झोपलं होतं, आणि मावशींना ते खुपलंच. त्यांनी रजिस्टरात ‘हो’ लिहिलं आणि नऊ वाजेपर्यंत कचेरीच्या बाकावर बसून राहिल्या.

“आधीचे दोन ‘नाही’ माझे आहेत,” त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं. “त्याचे नाहीत.” आणि बाकीचं सांगितलं.

डॉक्टरबाई बराच वेळ रजिस्टर चाळत राहिल्या, मागची पानं, त्याच्या मागची पानं. “मावशी, मी आजवर एकही पान तपासलं नाही,” त्या म्हणाल्या. दोन्ही ‘नाही’वर त्यांनी आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि मुदत दोन दिवसांनी वाढवली. “आजपासून हे रजिस्टर कारकुनाकडे राहील.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

कारकुनाने दोन दिवस सहाला येऊन दोन ‘हो’ लिहिले. त्या दोन दिवसांतही मावशी दुपारी पिंजऱ्यात आडव्या बसल्या, तळहातावर खाणं ठेवून. शेवटच्या दिवशी त्यांनी एक तुकडा हातापासून वीतभर अंतरावर फरशीवर ठेवला. अकराने मान लांब करून तो उचलला. हातावरचा नाही.

पंधरा मेला रंगारी दोरी घेऊन आला. “नाव काय ठेवू, मावशी? तुम्ही सुचवा.”

मावशींच्या मनात पहिल्या आठवड्यापासून एक नाव होतं. “तुमचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या आणि पिंजरा धुवायला गेल्या.

तीन आठवड्यांनी रंगारी कचेरीत कामाचं बिल घ्यायला आला. मावशींनी नळाशी बसल्या बसल्या विचारलं, “कसं आहे?”

“मजेत आहे,” रंगारी म्हणाला. “वडिलांच्या खाटेखाली झोपतं. त्यांच्या मागे मागे संडासापर्यंत जातं. मी घरात आलो तर ढुंकून बघत नाही.” तो जरा थांबला. “माझा शर्ट टाकून बघितला काल. त्यावरनं चालत गेलं.”

मावशींना कितीतरी दिवसांनी मनापासून बरं वाटलं. “होतं असं,” त्या म्हणाल्या, आणि त्याला बसायला बादली उपडी घालून दिली.

निळा शर्ट त्याने दोनशे साठला घेतला होता. जुना झालेला म्हणून एकशे ऐंशी धरायचे ठरले. मावशींनी त्याच दिवशी शंभर दिले. ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.